वाट बघणाऱ्या घरचं जेवण

आत्याबाई, मी तुमची धाकटी सून. ओळख पटत नसेल तर तुमचा दोष नाही. जिवंत होतात तेव्हासुद्धा तुम्ही आमटीत मीठ घालून विसरायचात, पुन्हा घालायचात, आणि ताटावर बसल्यावर सगळ्यांदेखत म्हणायचात, "हिचा हात लई सैल हाय." जिला मिठाची आठवण आमटी उकळेपर्यंत राहत नव्हती, तिला सून इतकी वर्षं कशी आठवावी? म्हणून आधी ओळख सांगते. माहेर कोरेगाव भीमा, सासर दौंड. नदी एकच, मी तिच्याबरोबर खाली आले. तुम्हीच म्हणायचात, "वरनं काय काय व्हात येतं. कुणाला लाकडं घावतात, आमाला ही घावली."

हे मी बोलतेय आणि माझी सून लिहितेय. तुमच्या माघारी आली ती, तुम्ही तिला पाहिलं नाही. मॅट्रिक आहे. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते, मी 'न्हाई' म्हटलं की 'नाही'. वाचून दाखव म्हटलं की वाचते, तेव्हा मला वाटतं ही कुणीतरी शहाणीसुरती बाई बोलतेय, माझी काही हरकत नाही. सासूनं आपल्या सासूबद्दल बोलायचं आणि सुनेनं मान खाली घालून ते उतरवायचं, असा दिवस तुमच्या राज्यात आला नसता. आत्ता ती हसतेय. हसू नको, लिही.

आत्याबाई, मला तुम्हाला विचारायचं आहे की लख्ख ऊन पडलेलं असताना, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, पाणी येतं का? तुम्ही नदीकाठी जन्म काढला. भीमा येते तेव्हा सांगून येते. आधी वास येतो, मग पाणी लाल होतं, मग ओंडके, साप, कुणाचा तरी कडबा. तुम्ही ओट्यावर उभ्या राहून नाक वर करायचात आणि म्हणायचात, "भांडी वर घ्या गं." आम्ही भांडी वर घ्यायचो, कोंबड्या वर घ्यायचो, तुमच्या शिव्या खायचो, आणि मग पाणी यायचं. एवढी रीत नदीला आहे. मला वाटायचं, समुद्र म्हणजे तर नदीचा बाप, त्याची रीत आणखी मोठी असेल. समुद्र तुम्ही पाहिला नाहीत, मीही नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी टीव्हीवर पाहिला तेवढाच, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. भाकरी थापताना हात मध्येच थांबतो. सून म्हणते, "आई, तवा जळतोय," तेव्हा कळतं.

मागची गोठ्याची जागा तुम्हाला आठवत असेल, म्हशी आठवत असतील निदान. म्हशी गेल्या, तिथं आम्ही दोन खोल्या काढल्या आणि भाड्यानं दिल्या. एका खोलीत मद्रासकडचं कुटुंब राहतं. नवरा रेल्वेत फिटर, बायको घरी. गल्लीत सगळे तिला मद्रासीण म्हणतात. ती मला 'पाटी' म्हणते. त्यांच्यात आजीला तसं म्हणतात म्हणे. मी तिला म्हटलं, "बाई, जन्मात कधी शाळंची पाटी हातात धरली न्हाई, आन् तू मलाच पाटी करून ठिवलीस." तिला ते अर्धंच कळलं, तरी पोट धरून हसली. तिची थोरली मुलगी सहा वर्षांची. त्यांच्यात लहान पोरीला पाप्पा म्हणतात, तेच तिचं नाव पडलं. दौंडातच वाढलेली, त्यामुळे बोलते आपल्यासारखी. सकाळी उन्हं अंगणात आली तरी अंथरुणात. मी दारातून ओरडायची, "ऊठ गं म्हशे, गाडीवाल्यांच्या दोन पाळ्या झाल्या!" ती गोधडीतूनच म्हणायची, "आज्जे, तू लई बोलती, तुझं तोंड दुखत न्हाई का?" तुम्हालाही हेच विचारावंसं वाटायचं मला, पण माझी छाती झाली नाही.

मद्रासिणीची आई तिकडं समुद्राच्या काठावर राहायची. माझ्याच वयाची. होडीतून उतरलेली मासळी पाटीत घेऊन गावात विकायची. तिला आमच्याकडं यायला कितीदा बोलावलं, पण समुद्राच्या दारात जन्म काढलेली बाई रेल्वेला भ्यायची. मग आमचं बोलणं सामानातून व्हायचं. फिटरच्या ओळखीचं कुणी ना कुणी मद्रासच्या गाडीनं जायचं, त्याच्याबरोबर मी गूळ आणि हुलगे धाडायची. तिकडून सुकी मासळी आणि चिंचेचा गोळा यायचा. सोबत निरोप. मी म्हणायची, "तुझ्या म्हातारीला सांग, तुझे मासे आल्यापासनं गल्लीतली मांजरं माझ्याकडंच नांदायला आली." चार महिन्यांनी उत्तर यायचं, "त्या पाटीला सांग, तुमचे हुलगे आमच्यात घोडे खातात." मी म्हणायची, "मग घोड्यावानी पळ म्हणावं, गाडीत बसून ये." तिचा आवाज मी कधी ऐकला नाही, तरी भांडण असं चाललं होतं की तुमच्यानंतर एवढी मजा कुणाशी भांडताना आली नव्हती.

दिवाळीत मद्रासीण दुसऱ्यांदा बाळंत झाली. मुलगा. तान्हं रडकं, रात्रभर हातावर, म्हणून तिच्या भावानं येऊन पाप्पाला आजीकडं नेलं, तिकडं नाताळ करतात, तो झाल्यावर आणायचं ठरलं. पाप्पा जाताना मला म्हणाली, "आज्जे, मी न्हाई तर कुनाला उठवशील?"

तो रविवार होता. मी अंगणात बसून लसूण सोलतेय. आतून सुनेनं हाक मारली, "आई, हे बघा काय दाखवतायत." मी आत गेले. टीव्हीवर पाणी होतं, आणि पाण्यात गाड्या, पत्रे, खाटा. मला वाटलं सिनेमा आहे. ऊन पडलेलं होतं, आत्याबाई. माणसं झाडाला धरून होती आणि वर स्वच्छ निळं आभाळ. मग मागच्या खोलीतून मद्रासीण आली, केस मोकळे, बाळ काखेत कसंतरी धरलेलं. ती टीव्हीसमोर खाली बसली आणि त्या लोकांनी एकामागून एक गावांची नावं घेतली, तेव्हा तिनं त्यातल्या एका नावाला हात लावल्यासारखा काचेला हात लावला. मग उठून रस्त्यावर पळाली. सून मागं, मी बाळ घेऊन त्यांच्या मागं. टेलिफोनच्या बूथवर ती नंबर फिरवायची, कानाला लावायची, ठेवायची, पुन्हा फिरवायची. बूथवाला म्हणाला, "ताई, तिकडची लाइनच लागत नाही, सगळ्यांचं तसंच आहे." ती त्याला म्हणाली, "लागेल." त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून राहिली. नवरा कामावर होता, साहेबांच्या हापिसातल्या फोनवरून त्याचंही तेच चाललं होतं.

संध्याकाळी टीव्हीवर एक बाई सांगत होती. सून मला समजावून सांगायची. पाणी यायच्या आधी समुद्र मागं गेला म्हणे. लांबवर. वाळू उघडी पडली आणि तिच्यावर मासे तडफडायला लागले. पोरं हसत हसत मासे वेचायला धावली. हे ऐकलं आणि मला आपला डोह आठवला. उन्हाळ्यात भीमा आटली की डोहात मासे अडकायचे, आणि तुम्ही स्वतः मला घेऊन जायचात, आठवतं? नवी नवरी होते मी. तुम्ही लुगडं खोचून चिखलात उतरलात आणि ओरडलात, "लाजती काय, पदर पसर!" मी पदर पसरला, तुम्ही त्यात ही एवढी मरळ टाकलीत, आणि आपण दोघी सासू-सुना एकदाच जोरात हसलो. आटलेल्या पाण्यात मासा दिसला की धावायचं, हे तर कुणाला शिकवावं लागत नाही. मी तिथं असते तर धावलेच असते, सगळ्यांच्या पुढं, तुम्हाला हाक मारत. समुद्रानं पोरांना खाऊ दाखवून बोलावलं, आत्याबाई. दुष्काळ मी पाहिला, पूर पाहिला, त्यांच्यात वाईट होतं पण लबाडी नव्हती. हे मला अजून पटत नाही.

दुसऱ्या दिवशीही फोन लागला नाही. मद्रासिणीनं चूल पेटवली नव्हती. ती बूथवरून यायची, बाळाला पाजायची, पुन्हा जायची. दुपारी मी तिच्या दारात बसले होते, तर गल्लीतल्या तिघीजणी आल्या. पुढं गिरणीवाली. हातात झाकलेली ताटं. झाकण न उघडता वासावरून मला कळलं. पिठलं-भाकरी. तिघींकडं पिठलं-भाकरीच. आपल्यात ज्या घरचं माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही, आणि शेजारीण झाकून पिठलं-भाकरी आणते. घरी कुणी रोज खावं, पण दुसऱ्याच्या दारातून झाकून पिठलं आलं की ते एकाच कारणानं. त्यांनी ठरवून काही केलं नव्हतं. रडणं ऐकलं, थंड चूल पाहिली, आणि हातांनी आपसूक बेसन कालवलं.

मी उठून दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "ह्या घरात कोन मेलंय?" गिरणीवाली गोंधळली. "आज्जी, असं काय बोलता? बाई कालपासनं उपाशी हाय." मी म्हटलं, "ते मला दिसतंय. कोन मेलंय ते सांग, मग आत जा." मागची हळूच म्हणाली, "आमी चांगल्या मनानं आनलं, आज्जी." "मन चांगलं हाय, ताट चुकलं. परत न्या." तेवढ्यात मद्रासीण मागून आली आणि तिनं ताटावरचं फडकं उचललं. म्हणाली, "पाटी, का परत? मला भूक." अंगावर पाजणारी बाई, तिला भूक लागणारच. तिला आपली रीत काय ठाऊक! सांगू तरी काय तिला, की ह्या ताटात तुझी पोर मेली आहे? मी म्हटलं, "खारट झालंय ते." तीन घरचं तीन बायकांनी केलेलं पिठलं, आणि तिन्ही खारट! गिरणीवालीनं माझ्याकडं असं पाहिलं की काय सांगू. पण ती शहाणी, फडकं झाकलं आणि म्हणाली, "व्हय बाई, मीठ जास्तच पडलं," आणि फिरली.

दारात विचारलं ते शब्द माझे नव्हते, तुमचे होते. दारात आडवं उभं राहायची रीतसुद्धा तुमचीच. त्या साली पूर आला तेव्हा तुमचा लेक, म्हणजे माझा नवरा, पलीकडच्या काठाला अडकला होता. गेला तो गेलाच, पत्ता नाही. शेजारणीनं असंच झाकून आणलं होतं, आणि तुम्ही उंबऱ्यात पाय रोवून म्हणालात, "माझ्या घरात मढं कुटं हाय ते दाखव, मग पिठलं घेते." मी कोपऱ्यात रडत होते. तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "रडायचं आसंल तर कारन घडल्यावर रड. आता हुलग्याचं पीठ काढ." मला तुमचा इतका राग आला होता! लेक पुरात आणि हिला शेंगोळे सुचतात. पीठ मळलंत, परात मध्ये ठेवलीत, आणि घरातल्या सगळ्या बायकांना बसवलंत. शेंगोळा म्हणजे एकेक वळायचा, करंगळीएवढा, घाई केली की तुटतो. आम्ही वळत बसलो. मी रडत वळत होते, तुम्ही म्हणालात, "तुझे वाकडे झाले, पुन्हा वळ." शेंगोळे शिजले तेव्हा तुमचा लेक एका पायात चप्पल घालून आला, चिखलानं माखलेला, बसला आणि पहिला घास खाऊन म्हणाला, "जाड झाल्यात." तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातलात आणि मग माजघरात जाऊन बसलात. तुमच्या रडण्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तर मीही पीठ काढलं. सुनेनं आधी मद्रासिणीला दूध-भाकरी कुस्करून दिली, ती तिनं उभ्या उभ्या खाल्ली. मग मी तिला परातीपाशी बसवलं. "हे काय, पाटी?" "घोड्याचं खानं. वळ." तिनं पहिला वळला तो साप झाला. मी म्हटलं, "तुझ्या आईनं तुला एवढंच शिकवलं का?" एरवी ती हसली असती. ती म्हणाली, "आई येईल ना, पाटी?" येईल म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "वळ." दरवर्षी ह्या दिवसांत मी माहेरी जाते, वर्षाच्या पहिल्या दिवशी तिथं स्तंभाला वंदन करायला माणसांची रीघ लागते, भाऊ-भावजयांना भाकऱ्या थापायला हात कमी पडतात. यंदा भावाचा निरोप आला तर मी कळवलं, घरात कामं आहेत. आम्ही शेंगोळे वळत होतो. एवढे वळले की साऱ्या गल्लीनं खाल्ले.

मग एका दुपारी फिटर आला. पाळी संपायच्या आधी, अंगात कामाचे कपडे, हात तेलानं काळे. फाटकातून तो चालत आला तसा मी त्याच्या तोंडाकडं बघायला लागले आणि मला ते तोंड वाचता येईना. मला अक्षर येत नाही, पण तोंड मी आजवर वाचत आले. हे तोंड अर्धं एक सांगत होतं, अर्धं दुसरं. तो बायकोशी त्यांच्या भाषेत बोलला. ती खाली बसली. मग तो माझ्याकडं वळून हिंदीत म्हणाला, "पाप्पा है. अम्मा नहीं."

आत्याबाई, मी हसले. खदखदून हसले. पाप्पा है एवढंच माझ्या कानात शिरलं होतं. मी टाळी वाजवली, आणि टाळी वाजल्यावर पुढचं ऐकू आलं. हात तसेच जोडलेले राहिले.

झालं होतं असं, मद्रासिणीच्या भावानं फिटरच्या हापिसात फोन करून कळवलेलं. त्या सकाळी म्हातारी नेहमीसारखी काठावर मासळी आणायला निघाली. पाप्पाला म्हणाली, चल. पाप्पा उठली नाही. आदल्या रात्री नाताळचं जागरण झालेलं, आणि तशीही ती कधी कुणाच्या हाकेला उठली आहे? म्हातारीनं दोन हाका मारल्या, नाद सोडला आणि एकटी गेली. घर जरा उंचवट्यावर, पाणी दारापर्यंत आलं. शेजाऱ्यानं पाप्पाला झोपेतच खांद्यावर टाकलं आणि पळाला. म्हातारी सापडली नाही. जिच्या उशिरा उठण्याला मी रोज शिव्या घातल्या, ती त्या उशिरा उठण्यानंच वाचली. आणि जी माझ्यासारखी उजाडायच्या आधी उठून कामाला लागायची, ती गेली. ह्याचा अर्थ मला लावता येत नाही. तुम्ही असता तर काहीतरी तिखट बोलून मोकळ्या झाला असता. मला बोलायलाच सुचत नाही, आणि ही गोष्ट माझ्या बाबतीत कधी झालेली नाही, हे सूनसुद्धा कबूल करील.

मी माझ्या स्वयंपाकघरात गेले. गॅसवर कढई ठेवली, फोडणी घातली, पाणी उकळलं आणि बेसन सोडलं. आयुष्यात माझ्या पिठल्यात गुठळी झाली नाही, तुम्हीदेखील तेवढं मान्य करायचात. त्या दिवशी गुठळ्याच गुठळ्या. हात चालत होता पण माझा नव्हता. भाकरी केली, ताट झाकलं आणि मागच्या खोलीत नेलं. माझ्या मागोमाग गिरणीवाली आली, तिच्या मागं त्या दोघी. ह्या वेळी मी बाजूला सरले. मद्रासिणीनं फडकं उचललं, खाली पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. तिनं एक घास घेतला आणि सावकाश म्हणाली, "पाटी, आज खारट नाही." तिला तेव्हा सगळं कळलं. मग तिनं सगळं ताट संपवलं, गुठळ्यांसकट, आणि आम्ही चौघी तिच्याभोवती बसून राहिलो.

ते दोघं जाऊन पाप्पाला घेऊन आले. आता ती इथंच आहे. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आज्जे, आमची पाटी समुद्रात गेली. मी झोपले व्हते." एखादी वस्तू कुठं ठेवली ते सांगावं, तसं म्हणाली. आणि आता ती उजाडायच्या आधी उठते, आत्याबाई. मी उठून अंगणात येते तर ही आधीच पायरीवर बसलेली, तोंड धुतलेलं, चपला घातलेल्या. कुणी हाक मारली तर लगेच निघता यावं म्हणून. मी म्हणते, "झोप गं म्हशे, अजून उजाडलं न्हाई." ती मान हलवते आणि तिथंच बसते. मी तिच्या शेजारी बसते. ज्या तोंडानं तिला ऊठ ऊठ म्हटलं त्याच तोंडानं आता झोप म्हणतेय, आणि दोन्ही वेळा ती ऐकत नाही.

सून विचारतेय, पत्ता काय घालू? मी म्हटलं, घालू नको. घडी घाल आणि डाळीच्या डब्याखाली ठेव. आणि आत्याबाई, खरं सांगू का, रागावू नका. हे पत्र मला तुम्हाला लिहायचंच नव्हतं. तिला लिहायचं होतं, त्या म्हातारीला. पण तिला मराठी कुठलं समजायला, आणि निरोप त्यांच्या भाषेत उलटा करून सांगायचा तो तिच्या लेकीनं, तर लेकीजवळ हे कसं बोलू? तुम्हाला निदान भाषा कळते. म्हणून तुमच्या नावानं बोलले.

आपल्यात मेल्यामागं असलं काही मानत नाहीत हे मला ठाऊक आहे, विहारातल्या बायकांनी ऐकलं तर मला हसतील. तरी समजा तिकडं कुठं एक परकी म्हातारी एकटी बसलेली दिसली, काळीसावळी, अंगाला मासळीचा वास, कुणाशी बोलत नाही, तर तिला तुमच्या पंगतीला ओढू नका, लाजेल. ताट धाडा. भाकरी नको, तिच्या तोंडात एकही दात नव्हता म्हणे, पाप्पानं मला हे काल सांगितलं. भात धाडा, मऊ, हातानं दाबला तर मोडेल असा, वर चिंचेचं पातळ कालवण गरम गरम. आणि मीठ एकदाच घाला.